तिखाडीचे तेल आणि सहा ग्रॅमची पुडी



पऱ्हाटीची पाने लाल पडू लागली, की आपण दोन पाने तोडून खिशात घालतो आणि कृषी केंद्र गाठतो. दुकानदार पान उलटेसुलटे करून पाहतो. मग एक कीटकनाशक, एक बुरशीनाशक, एक टॉनिक आणि वरून सहा ग्रॅमची एक लहानशी पुडी काउंटरवर येते. "ही सोबत टाकाच, असलेली बरी." पुडी स्वस्त असते, म्हणून आपण विचारत नाही. पंपात चार गोष्टी ओतल्या, तिथे पाचवी.

त्या पुडीत काय असते, ते आज या मेळाव्यात मोठ्याने सांगायला हवे. तिच्यात नऊ भाग स्ट्रेप्टोमायसिन आणि एक भाग टेट्रासायक्लिन असते. ही दोन्ही माणसाची औषधे आहेत. स्ट्रेप्टोमायसिन हे तर क्षयरोगाला मागे हटवणारे पहिले अँटिबायोटिक. १९४३ साली अमेरिकेत रटगर्स विद्यापीठात सेलमन वॉक्समन यांच्या प्रयोगशाळेत अल्बर्ट शाट्झ या तरुण विद्यार्थ्याने ते शोधले, आणि ज्या सूक्ष्म जीवापासून ते मिळाले तो शेणखत घातलेल्या वावराच्या मातीत सापडला होता. मातीने माणसाला दिलेले हे औषध आपण आता डब्या-डब्याने पऱ्हाटीवर ओततो आहोत.

आमचे म्हणणे थोडक्यात सांगतो. अँटिबायोटिक म्हणजे घरात राखून ठेवलेले बियाणे आहे. भूक लागली म्हणून बियाण्याची कणगी दळायला काढली, तर मृगाला हात रिकामे राहतात. आज जगभरच्या प्रयोगशाळा थकत चाललेल्या या औषधांना जोडीदार शोधत रानातल्या सुगंधी तेलांपर्यंत पोचल्या आहेत, आणि त्या तेलांत आपल्या विदर्भाच्या रानातल्या तिखाडीच्या तेलाचा मुख्य अंश आहे. पण जोडीदार मिळेपर्यंत मूळ औषध जिवंत राहिले पाहिजे. ते जिवंत ठेवण्यात आपला वाटा काय, आणि ती जोडी जुळलीच तर तिच्यात आपला हिस्सा काय, हे दोन प्रश्न घेऊन आम्ही उभे आहोत.

बोंडअळीने शिकवलेला धडा

औषधाला जंतू दाद देत नाही म्हणजे काय, हे कापूस पिकवणाऱ्याला कुणा डॉक्टराने शिकवायला नको. २००२ साली बीटी कपाशी आली, २००६ साली तिची दुसरी, दोन जनुकांची आवृत्ती आली. पाकिटासोबत १२० ग्रॅम बिगर बीटी सरकीची वेगळी पुडी मिळायची. ती धुऱ्याच्या कडेने लावा, म्हणजे अळी सरावणार नाही, असे सांगणे होते. किती जणांनी ती लावली? आमच्यातल्याही बहुतेकांनी फेकून दिली. का लावायची ते कुणी नीट समजावले नाही, आणि वावराच्या चार ओळी अळीला वाढून द्यायला जीव होईना. मग गुलाबी बोंडअळी सरावली. २०१७ च्या हंगामात विदर्भात बोंड फोडून पाहावे तर आत अळी. पाकीट तेच, पण गुण गेलेला.

जंतूंचे गणित याच रीतीने चालते, फक्त वेग फार मोठा. अळीची पिढी महिन्याभराची, तर जंतूची पिढी सोयीच्या जागी अर्ध्या तासाच्याही आत उभी राहते. लाखात एखादा जंतू औषधाला पुरून उरतो. बाकीचे मेले, की सारे रान त्याचेच. त्यातून अळी आपला गुण फक्त पिलांना देते, जंतू मात्र शेजाऱ्यालाही देतो. गावात एकाने दुसऱ्याला बियाणे उसने द्यावे, तसा तो औषध पचवण्याचा गुण दुसऱ्या जातीच्या जंतूलाही देऊन टाकतो. पुष्कळदा हा गुण सुटा जात नाही, गाठोडेच जाते. त्यात स्ट्रेप्टोमायसिन पचवण्याची युक्ती असते, टेट्रासायक्लिनची असते आणि आणखी दोन-चार औषधांची असते. म्हणून एक औषध उगाच वापरले, की दुसरीही औषधे कमजोर पडू शकतात.

गडचिरोलीच्या घरात काय घडले

कुणी म्हणेल, हे मोठ्या शहरातल्या मोठ्या दवाखान्यांचे दुखणे, आपल्याला काय त्याचे. त्याने आपल्याच शेजारच्या गावांची गोष्ट आठवावी.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९९५ ते १९९८ या काळात गडचिरोली जिल्ह्यातल्या ३९ गावांत एक काम केले. नवजात बाळाला जंतुदोष झाला तर त्याला घेऊन दवाखाना गाठणे तेव्हा बहुतेकांच्या आवाक्यात नव्हते. रस्ता नाही, पैसा नाही, आणि ओल्या बाळंतिणीने उंबरठा ओलांडायचा नाही ही रीत. तेव्हा गावातल्याच थोड्या शिकलेल्या बाईला तयार केले. बाळ मलूल पडले, दूध ओढेना, रडणे क्षीण झाले, तर ते ओळखायचे कसे आणि घरातच जेंटामायसिनची सुई द्यायची कशी, हे तिला शिकवले. सोबत तोंडाने द्यायला को-ट्रायमॉक्सॅझोल. आधी जंतुदोष झालेल्या शंभर बाळांतली सोळा-सतरा दगावत होती. या बायांनी उपचार सुरू केल्यावर ते प्रमाण तीनाच्या खाली आले. तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटले. डिसेंबर १९९९ मध्ये हे निष्कर्ष 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले आणि जगाने गडचिरोलीचे नाव ऐकले.

या कामात त्या बाईचे धाडस होते, तिची माया होती, तिचे शिक्षण होते. पण शेवटी सारे एका गोष्टीवर उभे होते, ती म्हणजे सुई दिली की जंतू मरतो. उद्या जंतू मेलाच नाही, तर ती बाई काय करील? तिच्या पेटीत दुसरे औषध नाही. नागपूरच्या दवाखान्यात असेल, तर ते महाग असेल, आणि बाळ तिथवर टिकायला हवे.

जेंटामायसिन आणि आपल्या पुडीतले स्ट्रेप्टोमायसिन ही एकाच कुळातली औषधे. एकाला न जुमानणारा जंतू दुसऱ्याने मरतही असेल. पण गाठोड्याची गोष्ट वर सांगितलीच आहे. वावरात, गोठ्यात, कोंबड्यांच्या खुराड्यात आणि माणसाच्या पोटात वाढणाऱ्या जंतूंमध्ये सातबाऱ्याचा धुरा नसतो.

तिखाडीची करामत

आता तिखाडीकडे येऊ. काही जण तिला रोशा गवत म्हणतात. ज्वारीच्याच भाऊबंदातले हे गवत. पान चुरगाळले की गुलाबासारखा वास हाताला राहतो. मेळघाट, खानदेश, निमाड या पट्ट्यात रानातल्या नाल्याकाठी भट्ट्या लावून तिचे तेल काढण्याचा धंदा पिढ्यान्‌पिढ्या चालला. तिच्या दोन जाती, मोतिया आणि सोफिया. मोतियाचे तेल चांगल्या भावाचे, कारण त्यात जेरॅनिऑल नावाचा सुगंधी अंश भरपूर असतो, शंभरात साधारण सत्तर ते पंच्याऐंशी भाग.

हे तेल एके काळी मुंबईहून तांबड्या समुद्रातल्या बंदरांमार्गे थेट कॉन्स्टँटिनोपलला जायचे. तिथे ते गुलाबाच्या अत्तरात मिसळायचे. युरोपच्या बाजारात त्याचे नाव होते तुर्की जिरेनियमचे तेल! रानातली गवत कापणारी बाई आपली, भट्टीचा धूर खाणारा माणूस आपला आणि बाटलीवर नाव तुर्कस्तानचे. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे कामी येईल.

२००९ साली फ्रान्सच्या कॉर्सिका बेटावरच्या संशोधकांनी तिथल्या एका रानफुलाच्या तेलावर काम केले आणि हाच जेरॅनिऑल वेगळा काढून तपासला. बऱ्याच औषधांना न जुमानणारे जंतू त्यांनी घेतले. एकट्या औषधाने हे जंतू दबत नव्हते. जेरॅनिऑलची जोड दिल्यावर क्लोरॅम्फेनिकॉल आणि आणखी दोन कुळांतली औषधे पुन्हा चालू लागली.

हे घडते कसे? विहिरीवरच्या मोटारपंपाचा दाखला घ्या. या जंतूंच्या कातडीत बारीक उपसा पंप असतात. औषध आत शिरले, की पंप ते उपसून बाहेर फेकतो. औषधाची पातळी आत कधी चढतच नाही, म्हणून जंतू मरत नाही. जेरॅनिऑल त्या पंपाच्या कामात अडथळा आणतो. उपसा मंदावला, की औषध आत साचते आणि आपले काम करते. दुसऱ्या काही सुगंधी तेलांतले अंश जंतूची कातडीच सैल करतात, मग औषधाला आत वाट मिळते.

आपल्याला ही युक्ती नवी नाही. कीटकनाशकात तिळाचे तेल मिसळले, की पायरेथ्रम या फुलापासून काढलेल्या विषाचा जोर वाढतो, हे १९४० सालीच कळले होते. क्षयरोगाच्या बाबतीत हेच झाले. १९४७ साली इंग्लंडमध्ये एकटे स्ट्रेप्टोमायसिन देऊन पाहिले. रोगी आधी सुधारले, पण पुष्कळांच्या शरीरातला जंतू औषधाला सरावला. मग दुसऱ्या औषधाची जोड दिली, तेव्हा सरावणे थोपले. एक बैल कितीही ताकदीचा असो, नांगर जोडीनेच चालतो. आपल्या देशातही हे घडले आहे. जम्मूच्या सरकारी प्रयोगशाळेने काळी मिरी आणि पिंपळीतला पिपेरिन हा अंश क्षयरोगाच्या रिफाम्पिसिनला जोडला. २००९ साली अहमदाबादच्या एका कंपनीने ती गोळी बाजारात आणली. ४५० मिलिग्रॅम रिफाम्पिसिनच्या जागी त्यात २०० मिलिग्रॅमच आहे, कारण पिपेरिनमुळे औषध शरीरात जास्त शोषले जाते. सुंठ, मिरी, पिंपळीचे त्रिकटू आपल्या आजीच्या बटव्यात होतेच.

दोन्ही बाजूंचे फसवे बोल

इथे दोन प्रकारची माणसे आपल्याला फसवायला टपलेली आहेत.

पहिला म्हणतो, "अँटिबायोटिक म्हणजे विष. आमच्या बाटलीतले तेल घ्या, सगळे जंतू साफ." त्याला आमचा सवाल आहे. वर सांगितलेल्या साऱ्या प्रयोगांत तेलाने एकट्याने काय केले? त्याने औषधाला साथ दिली. औषधच गेले तर साथ कुणाला देणार? आणि हे प्रयोग काचेच्या भांड्यातले आहेत. भांड्यात जितके तेल जंतूला भिडते, तितके माणसाच्या रक्तात पोचवायचे तर ते माणसालाच बाधेल का, हे पाहावे लागते. तेलाचा गुण गवताच्या जातीप्रमाणे, कापणीच्या वेळेप्रमाणे, भट्टीच्या आचेप्रमाणे बदलतो. तिखाडीचे तेल आणि अँटिबायोटिक ही जोडी आज कुठल्याही दवाखान्याच्या रूढ उपचारात नाही. म्हणून दुखऱ्या सांध्याला तेल चोळा, खुशाल चोळा. पण तापाने फणफणलेल्या लेकराला ते पाजू नका आणि त्याची सुई चुकवू नका. असे पाजणाऱ्याला गावाच्या वेशीवरच अडवा.

दुसरा म्हणतो, "हे सारे जडीबुटीचे खूळ. गावठी गवतात काय ठेवले आहे?" त्यालाही आमचा सवाल आहे. गवत गावठी असेल, तर परदेशी प्रयोगशाळा त्यातल्याच अंशावर रात्रंदिवस का बसल्या आहेत? अडाण्याचे ते खूळ आणि गोऱ्या माणसाने छापले की विज्ञान, हा न्याय आम्हाला मान्य नाही. विज्ञान म्हणजे तपासून पाहणे. तपासा, आणि आमच्या जिल्ह्यात तपासा.

दोष फक्त कास्तकाराचा?

आता कुणी पुढारी किंवा पेपरवाला उठेल आणि म्हणेल, पाहा, शेतकऱ्यांनी औषधे फवारून जंतू माजवले. ते आम्ही ऐकून घेणार नाही. काळ्या करप्याला कॉपर ऑक्सिक्लोराईडसोबत या पुडीतले औषध पाण्यात मिसळा, अशी शिफारस आम्ही घरी बसून लिहिली नव्हती. ती शेतीच्या पुस्तिकांत छापून आली. पुडीला परवाना सरकारने दिला. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारनेच मसुदा काढला, की शेतीसाठी या औषधांची आयात आणि उत्पादन १ फेब्रुवारी २०२२ पासून थांबवावे आणि १ जानेवारी २०२४ पासून वापरही पूर्ण बंद व्हावा. मसुद्यातली तारीख कृषी केंद्राच्या काउंटरवर पोचते का, हे आपण डोळ्यांनी पाहतोच.

आणि मोठे गुन्हेगार कोण? २००७ साली स्वीडनच्या संशोधकांनी हैदराबादजवळच्या पाटणचेरू इथले पाणी तपासले. ज्वारीवर काम करणारी इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय संस्था आहे तेच पाटणचेरू. औषध कारखान्यांचे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात त्यांना एका दिवसात सुमारे ४५ किलो सिप्रोफ्लॉक्सासिन सापडले. शुद्ध केल्यानंतरच्या पाण्यात! तिथले ओढे मांजरा नदीला मिळतात, मांजरा गोदावरीला. आपला सिरोंचा तालुका त्याच गोदावरीच्या काठी आहे. आमची पुडी सहा ग्रॅमची आणि त्यांची एका दिवसाची ४५ किलोची. हिशेब मांडायचा तर सगळ्यांचा मांडा. सर्दीला अँटिबायोटिक लिहिणाऱ्या डॉक्टरांचा मांडा, चिठ्ठीशिवाय अर्धी पट्टी कापून देणाऱ्या दुकानांचा मांडा, कोंबड्या लवकर फुगाव्यात म्हणून खाद्यात कोलिस्टिन कालवणाऱ्यांचा मांडा. कोलिस्टिन म्हणजे दवाखान्यात सगळे उपाय थकल्यावर काढायचे औषध. जनावरांसाठी त्याच्यावर बंदी यायला जुलै २०१९ उजाडावा लागला.

पण भावांनो, दुसऱ्याचा हिशेब मोठा आहे म्हणून आपला कोरा होत नाही. शेजाऱ्याने धुरा कोरला तर आपण भांडतो. आपल्या घरातल्या बियाण्याच्या कणगीवर तरी आपणच पहारा ठेवायला हवा.

पुडी न टाकता काय करायचे

आधी रोग ओळखा. पानावर शिरांच्या मध्ये पाण्याने भिजल्यासारखे कोनदार ठिपके पडले, ते पुढे काळे झाले, शिराही काळ्या पडल्या, तर तो जंतूंचा करपा. पान नुसते लाल होत असेल, तर तो लाल्या. मॅग्नेशियम किंवा नत्र कमी पडले, तुडतुड्यांनी रस शोषला, रात्री गारठा वाढला, अशा कारणांनी तो येतो. दही शिंपडल्यासारखे पांढरे दिसले, तर तो दहिया, बुरशीचा रोग. लांबलेल्या उघाडीनंतर जोराचा पाऊस झाला आणि झाड अचानक मान टाकू लागले, तर ती आकस्मिक मर. लाल्या, दहिया आणि आकस्मिक मर या तिघांवर त्या पुडीचा काडीचा उपयोग नाही. तिथे टाकलेली पुडी म्हणजे पैसे पाण्यात आणि औषध मातीत.

खरा करपा असेल, तर त्याचे जंतू रोगट पऱ्हाटीच्या काड्यांत आणि सरकीवर टिकून राहतात. म्हणून हंगाम संपला की पऱ्हाटी वावरात उभी ठेवू नका. त्याने बोंडअळीचाही मुक्काम मोडतो. आम्लाने तंतू काढलेलीच सरकी वापरा. कापसावर कापूस न घेता मध्ये ज्वारीचा फेर द्या. गरज पडली तर तांब्याचे औषध एकटे फवारा. गाई-म्हशीला दगडी झाली आणि डॉक्टरने अँटिबायोटिक दिले, तर तो सांगेल तितके दिवस ते दूध घरात किंवा डेअरीत देऊ नका. आणि स्वतःला डॉक्टरने पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या असतील, तर तिसऱ्या दिवशी बरे वाटले म्हणून उरलेल्या शेजाऱ्याला देऊ नका.

मेळाव्यापुढचा ठराव

एक. आम्ही आमच्या कापसावर स्ट्रेप्टोमायसिनची पुडी टाकणार नाही. दुकानदाराने पुढे केली, तर काउंटरवर तशीच ठेवून येऊ.

दोन. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने आणि नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने करप्यासाठी अँटिबायोटिकविना उपाय मराठीत छापून गावोगावी द्यावा. सुगंधी तेलांचा कापसाच्या जंतूवर उपयोग होतो का, हेही आमच्या वावरात तपासावे.

तीन. रोग्याला कोणते औषध लागू पडते, हे सांगणारी जंतूंची तपासणी चंद्रपूर-गडचिरोलीच्या शेवटच्या तालुक्यातल्या माणसालाही वेळेत आणि फुकट मिळावी. अंदाजाने सुया टोचणे बंद व्हावे.

चार. तिखाडी असो की दुसरी वनस्पती, तिच्यावर औषध निघाले तर ज्या गावाच्या रानातून ती गेली, त्या गावाचा हिस्सा आधी ठरावा. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनउपजाची मालकी गावाला दिली. मेंढा-लेखाने २००९ साली सामूहिक हक्क मिळवून ते करून दाखवले. २००२ च्या जैवविविधता कायद्याने लाभातला वाटा मान्य केला, पण २०२३ च्या दुरुस्तीने त्यात कितीतरी सवलतींच्या खिडक्या उघडल्या. या खिडक्यांतून तिखाडी पुन्हा एकदा परक्या नावाने बाहेर जाऊ नये.

पुढच्या मृगाला पेरणी होईल, पऱ्हाटी उगवेल, पाने लालही होतील. त्या दिवशी कृषी केंद्राच्या काउंटरवर ती लहानशी पुडी तुमच्यापुढे सरकवली जाईल. तेव्हा एकदा गावातल्या त्या बाईची पेटी आठवा. तिच्यातली सुई चालली पाहिजे. एवढे आठवले, तरी या मेळाव्याला आल्याचे सार्थक झाले.